घरच्या फायबरसाठी रॅकमधला राउटर: पुण्यात कुणी बसवलाय का?

मुक्ता_बावधन

नमस्कार मंडळी. बावधनला तीन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय, ताबा दिवाळीच्या आसपास मिळेल. इमारत मायवानची, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. मुख्य दाराजवळच्या डक्टपासून प्रत्येक खोलीत टीव्ही-फोनसाठी बिल्डरने पाइप टाकून ठेवलेत, आत तारा अजून ओढायच्या आहेत.

मी आणि नवरा दोघंही घरून काम करतो, त्याची रात्रपाळी असते. सासू-सासरे टोकाच्या खोलीत राहतील आणि सासऱ्यांना लँडलाइन हवीच आहे. चार कॅमेरे, फोटो साठवायला एक नॅस (नेटवर्कवरची हार्ड डिस्क) आणि छताला वायफायचे दोन-तीन ॲक्सेस पॉइंट असा बेत आहे. फायबर ३०० एमबीपीएसचं घेणार.

टीव्हीमागे डबे आणि अडॅप्टर लोंबकळत ठेवायचे नाहीत, हे माझं पक्कं आहे. एका छोट्या रॅकमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत, राउटर, स्विच, पॅच पॅनल (खोल्यांतल्या तारा जिथे येऊन लागतात ती पट्टी), यूपीएस सगळं बसवायचं. फर्निचरवाले पुढच्या महिन्यात मापं घ्यायला येतील, त्याआधी ठरवायला हवं. कंपनीचा डबा काढून फायबर थेट आपल्या राउटरमध्ये घालता येतं का? रॅकमध्ये बसणारा आणि आवाज न करणारा राउटर कोणता? रॅक स्वयंपाकघराच्या माळ्यावर चालेल का? आणि पुण्यात हे सगळं मिळतं कुठे?

पेठेतला

तीन बेडरूमच्या घरात रॅक! वास्तुशांतीला रॅकचीही पूजा ठेवा, आम्ही प्रसादाला येतो.

बाकी विषय कामाचा आहे. वाचतोय.

जाळेकर

दादा, कल्पना चांगली आहे, पण क्रम उलटा लावा. आधी फायबर घरात कुठून येणार ते, मग तारा, मग रॅक आणि सगळ्यात शेवटी राउटर. राउटर दोन दिवसांत बदलता येतो. पाइपात कमी ओढलेली केबल फर्निचर झाल्यावर वाढवता येत नाही.

कंपनीच्या डब्याबद्दल. तो डबा म्हणजे ओएनटी. आपल्याकडे घरगुती फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. एक्स्चेंजकडून आलेली एक तार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा, दोन्ही एकाच काचेच्या तारेतून. एकाच तारेवर इतकी घरं असल्यामुळे तुमचा ओएनटी कधी बोलणार ते तिकडचं यंत्र ठरवतं, आणि ओळख पटवतं ती त्या डब्याच्या सिरियल नंबरवरून. म्हणून बाहेरून आणलेल्या राउटरमध्ये फायबर खुपसून भागत नाही. राउटरच्या एसएफपी खाचेत (फायबरचं मॉड्यूल बसवायची जागा) बसणारे छोटे जीपॉन मॉड्यूल मिळतात, पण कंपनीने त्याचा नंबर त्यांच्याकडे नोंदवला तरच उपयोग.

त्यामुळे ओएनटी राहू द्या आणि तो ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या. मग तो फक्त प्रकाशाचं इथरनेट करून देतो आणि लॉगिन, फायरवॉल, वायफाय सगळं आपल्याकडे येतं. पैसे भरायच्या आधी कंपनीला तीन गोष्टी विचारा: ब्रिज करून देणार का, पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) नाव आणि पासवर्ड देणार का, व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळं राखलेलं नेटवर्क) नंबर कोणता. काही ठिकाणी पीपीपीओई नसतं, जुन्या डब्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो. तिथे नवा मॅक कळवावा लागतो. ही उत्तरं फोनवर मिळत नसतील तर कनेक्शन घेण्यापूर्वी त्या भागातल्या इंजिनियरला गाठा.

मुक्ता_बावधन

खूप धन्यवाद, हे तीन प्रश्न लिहून घेतले. (आणि दादा नाही, ताई.)

जाळेकर

क्षमस्व ताई!

निवांत

माझं मत वेगळं आहे. ३०० एमबीपीएससाठी रॅक कशाला? तीन डब्यांचा चांगला मेश (एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय देणारे डबे) आणा, एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक आतल्या खोलीत. आमच्या सहकारनगरच्या घरात असाच आहे, कुठेही अडत नाही. रॅक, पॅच पॅनल, पीओई स्विच (नेटच्या तारेतूनच वीज देणारा), यूपीएस यांची बेरीज करून बघा. तेवढ्यात मेश घेऊन वर दोन-तीन वर्षांचं इंटरनेट भरून होईल.

गवंडीकाम

निवांत, तुमची इमारत विटांची असणार. मायवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात. आतली पार्टिशन भिंतसुद्धा सळई घातलेलं काँक्रीट असते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडताना पार मरतो. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर त्यांचंही तेच होणार. तिथे ॲक्सेस पॉइंटपर्यंत तार नेण्याला पर्याय नाही, मग मेश म्हणा की आणखी काही.

मुक्ताताई, मी साइटवर असतो म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मायवानच्या भिंतीला नंतर झिरी मारता येत नाही, आत सळई असते आणि स्ट्रक्चरल भिंतीला हात लावायला सोसायटीही परवानगी देणार नाही. जे पाइप आहेत त्यावरच भागवायचं. ताबा घेताना प्रत्येक पाइपात फिश वायर घालून ती दुसऱ्या टोकाला निघते का ते बघा. काँक्रीट ओतताना पाइप चेपलेला किंवा सिमेंटच्या पाण्याने बुजलेला निघतो. ते तेव्हाच दाखवलं तर बिल्डर निस्तरून देतो, राहायला गेल्यावर कुणी फिरकत नाही. कॅट सिक्स केबल साधारण ६ मिमी जाड असते. २० मिमीच्या पाइपातून दोन केबल सुखाने जातात, तिसरीला घाम फुटतो. २५ चा असेल तर चार. विजेच्या पाइपातून मात्र नेटची केबल कधीच नेऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही "काही होत नाही मॅडम" म्हणाला तरी.

रॅक टांगायला मायवानची भिंत उत्तम. हॅमर ड्रिल आणि अँकर बोल्ट, झालं. वाकड-हिंजवडीकडच्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. तिथे साध्या प्लास्टिक गुट्ट्यांवर भरलेला रॅक टांगला तर एक दिवस गुट्ट्यांसकट खाली येतो. त्या लोकांनी बीममध्ये बोल्ट मारावा, नाहीतर केमिकल अँकर वापरावा.

निवांत

विटांचीच आहे, १९९० च्या दशकातली. मायवानबद्दल मान्य. रॅकच्या खर्चाबद्दल मात्र मत बदललेलं नाही. तार ओढा, पण कपाटात एक फळी ठेवून त्यावर स्विच ठेवला तरी चालतं की.

सिंहगडरोड_सुधा

फळीवर धूळ बसते, अडॅप्टर ढिले होतात आणि मोलकरीण फडका मारताना नेमकी हवी ती वायर काढते. मी रॅकच्या बाजूने.

केबल घेताना एक गोष्ट नक्की बघा. बाजारात कॅट सिक्सच्या नावाने सीसीए केबल सर्रास विकतात, म्हणजे ॲल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. आतली बारीक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर परत करा. दुकानदार खरवडू देत नसेल तर पेटी काट्यावर ठेवा. ३०५ मीटरची अस्सल तांब्याची कॅट सिक्सची पेटी दहा किलोच्या वर भरते, सीसीएची उचलतानाच हलकी लागते. कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट तुम्ही पीओईवर चालवणार, म्हणजे त्याच केबलमधून वीज जाणार. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, लांब केबल तापते आणि टोकाला व्होल्टेज कमी पडतं. मग पाऊस आला की कॅमेरा बंद, ऊन पडलं की चालू, असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात आणि दोष बिचाऱ्या राउटरवर जातो.

ओसरी

माझं घर कसब्यात, जुना वाडा. भिंती दीड-दोन फुटी, पांढऱ्या मातीच्या. मायवानवाल्यांचं दुःख आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. :)

फायबर येण्याआधी आमच्याकडे केबलवाल्याचं नेट होतं. एका इमारतीच्या गच्चीवर स्विच, तिथून दुसऱ्या गच्चीवर साधी लॅन केबल, अशी पेठभर पसरलेली. एप्रिल-मेमध्ये वळीव आला आणि वीज चमकली की दुसऱ्या दिवशी निम्म्या गल्लीतल्या कॉम्प्युटरचे लॅन पोर्ट गेलेले. वीज थेट अंगावर पडावी लागत नसे, जवळपास पडली तरी त्या लांब तांब्याच्या तारेत झटका यायचा. काचेच्या तारेत तो धोकाच नाही.

पण एक विचारायचं आहे. खांबावरून येणाऱ्या काळ्या चपट्या तारेत काचेबरोबर पोलादी तारही दिसते. ती तशीच घरात घेतली तर?

जाळेकर

ओसरीकाका, अगदी बरोबर प्रश्न. ती पोलादी तार केबलचं वजन पेलायला असते. ती बाहेरच्या हुकावर बांधून तिथेच कापायला लावायची, आत फक्त काचेची तार. मुक्ताताई, तुमच्याकडे बहुधा सोसायटीच्या डक्टमधून येईल, तरी आत शिरताना पोलाद नको हे सांगून ठेवा. रॅकला मात्र अर्थिंगची वायर द्या. पत्र्याच्या पेटीत पाच-सहा अडॅप्टर असणार आहेत.

आता राउटर. रॅकची रुंदी १९ इंच, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिमी. 'रॅक राउटर' म्हणून पूर्ण रुंदीचाच हवा असं काही नाही. मायक्रोटिकचा आरबी५००९ लहान आहे, पंखा नाही, कान लावून रॅकमध्ये बसतो. सात गिगाबिट पोर्ट, एक अडीच गिगाबिटचा आणि एक दहा गिगाबिटची एसएफपी प्लस खाच. घरासाठी पुरून उरतो, पण सेटिंग शिकावं लागतं. युबिक्विटीचा ड्रीम मशीन प्रो पूर्ण एक यू, पडद्यावर सगळं छान दिसतं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला साडेतीन इंची हार्ड डिस्कची जागा आहे. त्याचे आठ लॅन पोर्ट आत मिळून एकाच गिगाबिटवर जोडलेत, म्हणून नॅस आणि कॉम्प्युटर त्यात न लावता वेगळ्या स्विचवर लावायचे आणि स्विच एसएफपी प्लसने जोडायचा. तिसरा मार्ग म्हणजे इंटेल एन१०० चा चार पोर्टचा बिनपंख्याचा डबा, त्यावर ओपीएनसेन्स हे राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर. तो रॅकमधल्या फळीवर बसतो.

माझी पसंती विचाराल तर आरबी५००९, खाली पीओई स्विच, वर पॅच पॅनल.

हिंजवडीकर

एवढे पैसे कशाला घालायचे? कंपन्या जुने एक यूचे सर्व्हर भंगारात काढतात. असा एक घ्या, दुहेरी नेटवर्क कार्ड टाका, ओपीएनसेन्स चढवा. रॅकमध्ये एकदम फिट, आणि ताकद म्हणाल तर अख्ख्या सोसायटीला पुरेल.

सिंहगडरोड_सुधा

आणि आवाज अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल. एक यूच्या सर्व्हरमध्ये ४० मिमीचे पंखे असतात, एवढ्याशा पात्यांनी हवा ओढायची तर प्रचंड वेगाने फिरावं लागतं. त्यांच्या घरी रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार आहे.

जाळेकर

विजेचंही गणित करा. असा सर्व्हर १०० वॅट ओढतो असं धरलं तर वर्षाला ८७६ युनिट. बिनपंख्याचा राउटर, ओएनटी आणि छोटा स्विच मिळून ३० वॅट धरले तर २६३. महिन्याला पन्नासेक युनिटचा फरक, आणि ती युनिटं नेहमी वरच्या स्लॅबमध्ये मोजली जातात. स्वस्तात घेतलेला सर्व्हर बिलात वसूल होतो.

हिंजवडीकर

बिलाचा मुद्दा पटला. शिकायला मात्र तो सर्व्हर मस्त, हे मी सोडणार नाही. ज्याला फायरवॉल हाताने उघडून बघायची आहे त्याने शनिवार-रविवारपुरता चालू करावा.

कात्रजचा_बोगदा

गुरुवारी वीज जाते त्याचं काय? आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली दुपारपर्यंत लाइट नसतात, पाणीही नसतं.

सिंहगडरोड_सुधा

फायबरचा मोठा फायदा तोच. एक्स्चेंज आणि तुमचं घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काही नसतं, स्प्लिटर म्हणजे नुसती काच. अख्ख्या इमारतीत अंधार असला तरी ओएनटी, राउटर आणि स्विच यूपीएसवर असतील तर नेट चालू राहतं. गच्चीवरच्या स्विचच्या काळात लाइट गेले की सगळंच जायचं.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणभर खंड पडतो त्यात ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पण राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि मीटिंगमधून तुम्ही बाहेर. रॅकमध्ये वेगळा छोटा यूपीएस ठेवणार असाल तर सगळ्यात खालच्या खणात. बॅटरी जड असते.

मुक्ता_बावधन

किती माहिती दिलीत सगळ्यांनी! नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला.

दोन शंका. कॅमेरे बाहेरून मोबाइलवर बघायचे तर काय लागेल? आणि ओएनटी ब्रिजमध्ये टाकला तर सासऱ्यांच्या लँडलाइनचं काय होईल? फोन त्या डब्यालाच लागतो ना?

अनवट

कॅमेऱ्याचं मी सांगतो. राउटरमध्ये बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग तुमच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरचा माणूस दारापर्यंतच येत नाही. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्थिर आयपी घ्या, किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) नीट मिळत असेल तर त्यावरून वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे घरात शिरायचा खाजगी मार्ग, चालवा.

काहीही करा, पण कॅमेऱ्याचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन द्या, त्यातून बाहेर जायला बंदी, आणि आपण व्हीपीएनने घरात शिरून बघायचं. घरात म्हातारी माणसं आणि मुलं वावरतात, त्यांची चित्रं कुणाच्याही हाती लागतील असं ठेवणं मला अजिबात पटत नाही. माझ्या मते रॅकमधल्या चांगल्या राउटरचं खरं कारण हेच आहे. वेग कुठलाही राउटर देतो.

निवांत

हा मुद्दा माझ्या मेशमध्ये बसत नाही, हे खरं. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क करता येतं तेवढंच.

जाळेकर

लँडलाइनबद्दल. फोनची सेवा ओएनटीमध्ये वेगळ्या व्हीलॅनवर चालते. काही कंपन्या इंटरनेट ब्रिज करूनही फोन ओएनटीतच चालू ठेवतात, काहींकडे ब्रिज केला की फोन बंद पडतो. हा तुमचा चौथा प्रश्न. फोन बंद पडत असेल तर ब्रिजचा हट्ट सोडा. ओएनटी राउटर मोडमध्ये ठेवा, त्याचं वायफाय बंद करा आणि आपल्या राउटरचा पत्ता त्याच्या डीएमझेडमध्ये टाका, म्हणजे बाहेरून येणारं सगळं आपल्या राउटरकडे जाईल. दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्ता दोनदा बदलला जातो, पण रोजच्या वापरात फारसं जाणवत नाही. सासऱ्यांचा फोन वाजणं जास्त महत्त्वाचं.

ब्रिज झाला आणि पीपीपीओई आपल्या राउटरवर आलं की एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा. पीपीपीओईचे ८ बाइट १५०० मधून जातात. हे चुकलं की काही साइट झटकन उघडतात, काही अर्धवट लटकून राहतात आणि माणूस आठवडाभर वायफायला शिव्या देतो.

पेठेतला

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, बँकेची साइट तेवढी उघडायची नाही. तेव्हा हा धागा असता तर बरं झालं असतं.

रॅक-केबल कुठे मिळतं हे कुणीच सांगितलं नाही, पेठेचा माणूस म्हणून मीच सांगतो. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. केबल, केज नट, कीस्टोन, पॅच पॅनल, रॅक सगळं मिळेल. गाडी आत नेऊ नका, मंडईजवळ लावा आणि चालत जा. एका दुकानात भाव ऐकून लगेच घेऊ नका.

ओसरी

आणि येताना मंडईतून भाजी. विषयांतराबद्दल क्षमस्व.

गवंडीकाम

माळ्याचा प्रश्न राहिलाच. स्वयंपाकघराच्या माळ्यावर अजिबात ठेवू नका. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात माळा म्हणजे घरातली सगळ्यात गरम हवा साचणारी जागा, वर फोडणीची वाफ आणि तेलकट धूळ. ओएनटीला पंखा नसतो, यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्यही उष्णतेने घटतं. शिवाय काही बंद पडलं की दर वेळी शिडी. पॅसेजमध्ये किंवा स्टोअरमध्ये, डोळ्यांच्या उंचीला, डक्टच्या जितकं जवळ जमेल तितकं. सुताराने कपाटात घेतला तर दाराला खालीवर जाळी ठेवायला सांगा.

दिवेघाट

उशिरा येतोय. मी फायबर जोडणीचं काम करतो, आमच्या बाजूचं थोडं.

पोरगा जोडणीला येईल तेव्हा शेजारी उभ्या राहा. तो तारेचं वरचं आवरण सोलतो, मग आतली केसासारखी काच स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसतो. पुसल्यावर तारेला बोट लागलं तर पुन्हा पुसायची. मग क्लीव्हरमध्ये ठेवून कट मारतो. हा कट सरळ बसणं हे निम्मं काम. मग फास्ट कनेक्टरमध्ये सरकवून लॉक. कनेक्टर हिरवा असेल तर एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा यूपीसी, सपाट. हिरव्यात हिरवाच लावायचा. निळा-हिरवा एकत्र बसतो, पण टोकं टेकत नाहीत आणि सिग्नल पडतो.

झाल्यावर त्याला पॉवर मीटर लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. उणे १५ ते उणे २३-२४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असेल तर छान. उणे २७ ही नेहमीच्या ओएनटीची शेवटची मर्यादा. उणे २६ वर चालू करून दिलं तर आज चालेल, पण कनेक्टरवर थोडी धूळ बसली की लाल एलओएस दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) लागणार. पुढे कधी नेट हळू वाटलं तर हाच आकडा ओएनटीच्या पानावर बघायचा. तोच राहिला असेल तर दोष तारेत नाही.

रॅकमध्ये तार गुंडाळताना घट्ट वळसा नको. चहाच्या बशीएवढा वळसा ठेवा, जिप टाय नको, वेल्क्रो लावा. आणि तारेच्या टोकात डोळा लावून बघू नका, प्रकाश दिसत नाही पण असतो. मुलांनाही सांगून ठेवा.

सिंहगडरोड_सुधा

दिवेघाट, तुमचा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला. आमच्याकडे पॉवर मीटर काढलाच नव्हता, आता बोलावून मोजून घेते.

कात्रजचा_बोगदा

+१. आणि ब्रिज करून देणारा असा माणूस सगळ्यांना मिळो.

मुक्ता_बावधन

आमचं ठरलं. पॅसेजमधल्या स्टोअरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, सहा यूचा रॅक. माळा रद्द. राउटर आरबी५००९, नवरा सेटिंग शिकायला तयार आहे. प्रत्येक खोलीत दोन केबल, छताच्या तीन जागी एकेक, कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन. ताबा घ्यायच्या दिवशी फिश वायर घेऊन जाणार.

फक्त एक अडलंय. कंपनीचा माणूस म्हणतोय की ओएनटी टीव्हीजवळच लावणार, सगळीकडे तसंच लावतात, स्टोअरमध्ये लावून देणार नाही.

दिवेघाट

तार डक्टमधून तुमच्या दाराशी येते ना? मग स्टोअर त्याला जवळच पडतं, टीव्हीपर्यंत न्यायला उलट जास्त तार लागते. हे त्याला जागेवर दाखवा. तरीही ऐकलं नाही तर टीव्हीजवळ लावू दे, पण दाराशी एक फायबरची पेटी लावून घ्या. तिथून हिरव्या टोकांची तयार पॅचकॉर्ड स्टोअरमध्ये न्या आणि ओएनटी नंतर रॅकमध्ये हलवा. तोच डबा, तोच सिरियल नंबर, त्यामुळे कंपनीकडे काही बदलावं लागत नाही. त्या पेटीतल्या जोडाचा अर्धा डीबीसुद्धा जात नाही.

जाळेकर

सासऱ्यांच्या खोलीत दोन केबल नेताय ना, त्यातली एक फोनला द्या. ओएनटीच्या फोन पोर्टपासून पॅच पॅनलमध्ये, तिथून त्यांच्या खोलीतल्या सॉकेटला. कॅट सिक्सची मधली निळी जोडी फोनला पुरते, आरजे११ ची पिन त्या सॉकेटमध्ये बसते. पॅनलवर त्या पोर्टला 'फोन' असं ठळक लेबल लावा आणि तो पोर्ट चुकूनही पीओई स्विचला जोडू नका. घंटी वाजताना त्या तारेवर ७०-८० व्होल्ट असतात.

गवंडीकाम

आणि रॅकची खोली ४५० मिमी घ्या, सुताराला मापं द्यायच्या आधी. स्विचची पिन मागून लागते, त्यामागे बोटं जायला जागा हवी. दार कोणत्या बाजूला उघडणार तेही त्याला आजच सांगा.